घरफोडी आणि जबरी चोरी : कायद्यातील भेद

गावात एखाद्या घराचे कुलूप तुटले आणि पेटीतील ऐवज गेला की "रात्री दरोडा पडला" अशी वार्ता सकाळी चावडीवर येते. उलट, आठवड्याच्या बाजाराहून परतणाऱ्या शेतकऱ्याला ओढ्याच्या उतारावर दोघांनी अडवून बैल विकल्याचे पैसे काढून घेतले, तर तो घरी येऊन "माझे पैसे चोरीला गेले" एवढेच सांगतो. बोलण्यापुरते यात काही बिघडत नाही. परंतु हेच शब्द पोलीस ठाण्यातील फिर्यादीत उतरतात, तेव्हा त्यांवर पुष्कळ काही अवलंबून राहते. पहिल्या प्रसंगी दरोडा नाही, घरफोडी आहे. दुसऱ्या प्रसंगी नुसती चोरी नाही, जबरी चोरी आहे. पोलिसांनी आपण होऊन तपास करावयाचा की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावयाची, आरोपीला जामीन हक्काने मिळणार की नाही, शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षे की चौदा, हे सर्व या नावांवर ठरते.

फिर्याद देण्यास जाणारा माणूस बहुधा एकटा जात नाही. सरपंच, पंचायत सदस्य, पोलीस पाटील किंवा शाळेतील गुरुजी त्याच्याबरोबर असतात, आणि पुष्कळदा त्याची तोंडी हकीकत कागदावर उतरविण्याचे काम त्यांच्याकडेच येते. पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंड संहिता आता इतिहासजमा झाली आहे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ हिने, तर फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली आहे. घरफोडी व जबरी चोरी यांच्या व्याख्या जवळजवळ जुन्याच शब्दांत कायम राहिल्या, कलमांचे क्रमांक मात्र बदलले. जबरी चोरीचे ३९२ आणि रात्रीच्या घरफोडीचे ४५७ ही कलमे अनेकांना तोंडपाठ असत. त्यांना आता अनुक्रमे ३०९ आणि ३३१ यांची सवय करावी लागेल. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र आजही जुनीच संहिता लागू आहे. त्यामुळे न्यायालयांत आणखी काही वर्षे दोन्ही क्रमांक ऐकू येतील.

एका फिर्यादीची हकीकत

सरकारी अभियोक्ता म्हणून काम करीत असताना पाहिलेले एक प्रकरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या संहितेच्या काळातील गोष्ट. एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या घरात पहाटेच्या सुमारास दोन इसम मागील दाराच्या फटीतून तार घालून, कडी काढून शिरले. बाई जाग्या झाल्या. एकाने त्यांचे तोंड दाबून धरले, दुसऱ्याने गळ्यातील बोरमाळ आणि हातांतील पाटल्या ओढून काढल्या. बाई भेदरून घरीच बसल्या आणि फिर्याद द्यायला पुतण्या गेला. फिर्यादीत एकच वाक्य होते : अज्ञात चोरट्यांनी घरात शिरून सोन्याचे दागिने चोरून नेले. तोंड दाबल्याचा त्यात उल्लेख नव्हता, मनगटांवरचे ओरखडे कोणा डॉक्टरांना दाखविले गेले नव्हते. बाईंचा जबाब आठवड्याने नोंदला गेला, तेव्हा ती गोष्ट प्रथम कागदावर आली.

उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांना फारसे काही विचारले नाही. "एवढे मोठे घडले, तर ते आठ दिवस का सांगितले नाही?" हा एकच प्रश्न त्यांनी फिरवून फिरवून केला. बाई म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही." उत्तर अगदी खरे होते. पण जबरी चोरीचा आरोप संशयाच्या फायद्यात गेला आणि घरात शिरून चोरी केल्याबद्दल तेवढी शिक्षा झाली. त्या पहाटे बाईंच्या बाबतीत जे सर्वांत वाईट घडले होते, ते न्यायालयाच्या दप्तरी शाबीत झालेच नाही.

त्या पुतण्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी दागिने गेले हीच मोठी गोष्ट होती. काय गेले, हा प्रश्न फिर्यादीत प्रत्येकजण विचारतो. आत शिरण्यासाठी काय फोडले आणि घेताना माणसाला काय केले, हे दोन प्रश्न मात्र मागे राहतात, आणि कायदा नेमका याच दोन प्रश्नांवर गुन्ह्याचे नाव ठरवितो.

घरफोडी : प्रवेशाचा गुन्हा

घरफोडीचे मूळ चोरीत नाही, अतिक्रमणात आहे. न्याय संहितेत चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये येते, तर घरफोडीची त्यापासून बरीच दूर, कलम ३३० मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या कलमांत येते. ही मांडणी ध्यानात ठेवली की पुष्कळ घोटाळे टळतात. गुन्हा करण्याच्या, किंवा कब्जेदाराला धमकावण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या कब्जातील मालमत्तेत शिरणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण होय. ते घरात केले की गृह-अतिक्रमण. आणि गृह-अतिक्रमण करताना शिरण्याची किंवा बाहेर पडण्याची वाट विशिष्ट सहा प्रकारांपैकी एखाद्या प्रकाराने साधली की घरफोडी होते.

भिंतीला भगदाड पाडणे, कौले काढून उतरणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या खिडकीतून शिरणे, भिंतीवर चढून जाणे, कुलूप उघडणे, बंद केलेले दार उघडणे, किंवा दारात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून वा धमकावून आत घुसणे, हे सर्व त्यात येते. येथे 'फोडणे' हा शब्द फसवा आहे. काहीही न मोडता, न तोडता घरफोडी होऊ शकते. संहितेतच दिलेले एक उदाहरण असे की, घरमालकाची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडली आणि त्या किल्लीने दार उघडून तो गुन्ह्याच्या हेतूने आत शिरला, तर ती घरफोडीच होय. कुलपाला ओरखडासुद्धा नसतो. "कुलूप तर शाबूत आहे, मग घरफोडी कशी?" असे कोणी विचारल्यास हे उदाहरण दाखवावे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. भिंतीला भोक पाडून चोराने त्यातून नुसता हात आत घातला, तरी घरफोडी पुरी होते. शरीराचा कोणताही भाग आत गेला म्हणजे प्रवेश झाला, असे कायदा मानतो. वस्तू हाती लागो वा न लागो. खेड्यांत अशा वेळी "काही गेलं नाही ना, मग कशाला ठाण्याची पायरी चढायची?" असे म्हणून विषय मिटविला जातो. परंतु चोरीच्या हेतूने केलेली घरफोडी रिकाम्या हातानेही दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र आहे, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केली असेल तर चौदा वर्षांच्या. मिटविलेल्या विषयातला चोर पुढच्या अमावास्येला शेजारच्या वस्तीवर जातो, हा अनुभव नवा नाही.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात अशा गुन्ह्यासाठी रात्रीची वेळ आणि राहते घर या दोन्ही गोष्टी आवश्यक असत. मेकॉले यांच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यातून पुढे आलेल्या आपल्या संहितेने 'घर' ही कल्पना अधिक ऐसपैस केली. माणसांचे राहते घर, तंबू किंवा जलयान यांच्याबरोबरच प्रार्थनास्थळ आणि मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारतही तिच्यात येते. याचा अर्थ असा की ग्रामपंचायतीचे कार्यालय, सोसायटीचे खत गोदाम, देऊळ, जिल्हा परिषदेच्या शाळेची संगणक ठेवलेली खोली, ही सारी कायद्याच्या दृष्टीने घरे आहेत. विहिरीवर उघड्यावर बसविलेला विजेचा पंप कोणी काढून नेला तर ती चोरी. पण तोच पंप विटांच्या, पत्र्याच्या छपराच्या, कुलूपबंद खोलीतून नेला तर घरफोडी आणि चोरी असे दोन गुन्हे होतात. याशिवाय शासनाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची मालमत्ता, तसेच देवस्थानातील मूर्ती चोरण्याला कलम ३०५ ने आता सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. शाळेचा संगणक गेल्यावर केवळ कलम ३०३ खाली नोंद होऊन आलेली पाहिली, तर मुख्याध्यापकांनी ३०५ आणि ३३१ या कलमांचे काय, असे नम्रपणे विचारण्यास हरकत नाही.

मात्र दार सताड उघडे असेल तर? उन्हाळ्यात घरची माणसे अंगणात खाटा टाकून झोपली आहेत, दार उघडेच आहे, आणि कोणी आत जाऊन हंडा उचलून नेला. ही घरफोडी नव्हे. गृह-अतिक्रमण आहे, राहत्या घरातील चोरी आहे; दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तोच माणूस दिवसा कोणाचे लक्ष नसताना माळ्यावर जाऊन दडून बसला आणि निजानीज झाल्यावर उतरला, तर त्याला संहिता 'चोरटे गृह-अतिक्रमण' म्हणते आणि शिक्षेच्या बाबतीत घरफोडीच्याच पंक्तीला बसविते. नुसता अंधार होता, एवढे त्यासाठी पुरत नाही. आपले शिरणे लपावे म्हणून त्याने काही तजवीज केलेली असली पाहिजे.

रात्र कोणती?

दहा वर्षे आणि चौदा वर्षे यांतील अंतर सूर्यावर अवलंबून आहे, घड्याळावर नाही. पूर्व विदर्भात डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर कोकणात मे महिन्यात सात वाजेपर्यंत तो दिसत असतो. सायंकाळी सव्वासहाला फुटलेले घर एके ठिकाणी रात्री फुटले आणि दुसऱ्या ठिकाणी दिवसा, असे होऊ शकते.

खरी अडचण येते ती घर बंद करून परगावी गेलेल्यांची. एखादे शिक्षक दिवाळीच्या सुटीत आपल्या मूळ गावी गेले आणि पंधरा दिवसांनी परतले, तो कुलूप तुटलेले. ते रात्री तुटले की दिवसा? चोरटे बहुधा रात्रीच आले असतील, हे सर्वांना पटते. पण 'बहुधा' हा शब्द फौजदारी न्यायालयात टिकत नाही, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळून गुन्हा दिवसाच्या घरफोडीवर येतो. अशा वेळी फिर्यादीतील यादीपेक्षा शेजाऱ्यांचे दोन साधे जबाब अधिक मोलाचे ठरतात. कुलूप धड असलेले शेवटी कोणी पाहिले आणि तुटलेले प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले? समोरच्या दुकानदाराने रात्री नऊला दुकान वाढविताना कुलूप पाहिले होते आणि दूध घालणाऱ्याला पहाटे पाचला कोयंडा लोंबताना दिसला, एवढे निष्पन्न झाले की रात्र शाबीत झाली. गावातील जाणत्या माणसाने ही दोन माणसे शोधून तपासी अंमलदारापुढे उभी केली, तर त्याने तपासाला मोठाच हातभार लावला असे समजावे.

जबरी चोरी : माणसावरचा गुन्हा

जबरी चोरीला घर लागत नाही. ती रस्त्यावर होते, शेतात होते, बसमध्ये होते. घरातही होऊ शकते. तिला लागतो तो समोर असलेला माणूस. प्रत्येक जबरी चोरीच्या पोटात एक चोरी तरी असते किंवा बलाद्ग्रहण, म्हणजे धाक घालून देववून घेणे, तरी असते. चोरी करण्यासाठी, करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना, त्याच उद्देशाने कोणाचा मृत्यू घडविला, कोणाला दुखापत केली, गैरपणे अडवून धरले, अथवा यांपैकी काही तत्क्षणी होईल अशी भीती घातली, किंवा तसा प्रयत्न केला, की चोरीची जबरी चोरी होते. दुखापत झालीच पाहिजे असे नाही. ओढ्याच्या उतारावर दोघांनी मोटारसायकलपुढे उभे राहून शेतकऱ्याची वाट रोखली, हात न लावता चाकू दाखविला, आणि त्याने पैसे काढून दिले, एवढ्यानेही गुन्हा पुरा होतो. यासाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घडल्यास चौदा वर्षांपर्यंत. रात्री फोडलेले घर आणि रात्री अडविलेला वाटसरू यांना संहितेने एकाच तराजूत तोलले आहे, ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. दोघांनाही त्या वेळी दुसऱ्या कोणाचा आधार नसतो.

व्याख्येतील 'त्याच उद्देशाने' हे शब्द बारकाईने वाचावयाचे आहेत. चोर केळीच्या बागेतून घड तोडून निघाला, राखणदार धावून आला, चोराने घड टाकून दिला आणि पळता यावे म्हणून धोंडा मारला. राखणदाराचे डोके फुटले. ही चोरी आहे आणि दुखापतही आहे, पण जबरी चोरी नाही. कारण धोंडा माल नेण्यासाठी मारलेला नाही, जीव घेऊन पळण्यासाठी मारलेला आहे. तोच चोर घड खांद्यावर ठेवूनच धोंडा मारता तर गुन्हा बदलला असता. म्हणून धोंडा मारला त्या क्षणी माल चोराच्या हातात होता की जमिनीवर, हे फिर्यादीत आले पाहिजे. लिहून घेणाऱ्याला ते क्षुल्लक वाटते, आणि न्यायालयात अर्धा दिवस त्यावरच जातो.

भीतीही तत्क्षणीची असावी लागते आणि ती घालणारा समोर असावा लागतो. "दहा हजार पाठवून दे, नाही तर मुलाचे बरेवाईट होईल" असा निरोप आला, तर ते बलाद्ग्रहण. आपण त्याला व्यवहारात खंडणी म्हणतो. मुलाला समोर कड्यावर धरून पैशाची थैली मागितली, तर जबरी चोरी. मागणी तीच आणि मूलही तेच. भेद आहे तो समोरासमोरच्या, तत्क्षणीच्या भीतीचा.

सोनसाखळी हिसकावण्याच्या प्रकारांबाबत पूर्वी मोठी ओढाताण होई. काही ठिकाणी साध्या चोरीची नोंद होई, काही ठिकाणी जबरी चोरीची. नव्या संहितेने कलम ३०४ मध्ये हिसकावणे हा वेगळा गुन्हा केला आहे. एकाएकी, झटक्याने वा बळाने कोणाकडून वस्तू खेचून घेणे हे त्यात येते आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. सोय झाली, तशी एक नवी पळवाटही झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. साखळी ओढताना बाईंना ढकलून पाडले, कर्णफूल ओढताना कानाची पाळी फाटली, तर प्रकरण हिसकावण्यावर थांबत नाही. ते जबरी चोरीत, आणि दुखापतीमुळे जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या पोटकलमात जाऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र त्याच दिवशीचे हवे.

प्राणघातक हत्यार वापरले असल्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. वापरले म्हणजे भोसकलेच पाहिजे असे नाही. समोरच्याला दिसेल असे उगारून वा हातात धरून त्याला दहशत बसविणे हेही वापरणे होय, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मधील एका निकालात लावला आहे. मात्र ही किमान शिक्षा ज्याच्या हाती हत्यार होते त्यालाच लागते. चौघांपैकी कोणाच्या हातात कोयता होता, हे सांगणे म्हणूनच अगत्याचे.

दरोडा केव्हा म्हणावे

वृत्तपत्रांनी दरोडा हा शब्द स्वस्त करून टाकला आहे. तिघांनी पिस्तूल दाखवून बँक लुटली, तरी मथळा दरोड्याचा. कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली, किंवा करण्याचा प्रयत्न केलेली, जबरी चोरी. बाहेर पहारा देणारा आणि हजर राहून मदत करणारा यांचीही गणती त्या पाचांत होते. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, आणि दरोड्याची नुसती तयारी किंवा त्यासाठी जमणे हेही गुन्हे आहेत. दहा जणांनी रिकामे, कुलूपबंद घर फोडून धान्याची पोती नेली, कोणाला धाक नाही, कोणी समोर नाही, तर माणसे दहा असूनही तो दरोडा होत नाही. उलट घर फोडल्यावर आतली माणसे जागी झाली आणि पाच जणांनी त्यांना काठ्या दाखवून एका खोलीत कोंडले, तर घरफोडी आणि दरोडा हे दोन्ही गुन्हे एकाच रात्री घडतात. चोरांची संख्या अंदाजाने 'आठ-दहा' अशी लिहू नये. किती दिसले, किती जणांचे आवाज आले, हे वेगवेगळे लिहावे.

नावावर काय अवलंबून आहे

पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अदखलपात्र व जामीनपात्र दाखविली आहे. म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तिचा तपास करू शकत नाहीत. प्रथमच दोषी ठरलेल्या माणसाने माल वा त्याची किंमत परत केल्यास शिक्षा समाजसेवेची आहे. तरतूद दयाळू आहे, आणि भुकेपोटी केलेल्या चोरीला ती योग्यच म्हटली पाहिजे. पण मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या झोपडीचे दार उचकटून डब्यातील बाराशे रुपये नेले, तर ती गोष्ट केवळ बाराशे रुपयांची राहत नाही. घरफोडी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, मालाची किंमत काहीही असो. दार उचकटल्याचे वाक्य फिर्यादीतून गळाले, तर त्या बाईचा तपासाचा हक्कच गळून पडतो. गरिबाच्या घरातील रक्कम नेहमीच लहान असते, याचा विसर पडू देऊ नये.

तीन वर्षांहून कमी नाही आणि सात वर्षांहून कमी, अशा शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा कलम १७३ ने दिली आहे. साधी चोरी त्या मर्यादेत येते. चोरीसाठी केलेली घरफोडी आणि जबरी चोरी त्या मर्यादेबाहेर आहेत, तेथे गुन्हा थेट नोंदवावयाचा असतो. खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. इलेक्ट्रॉनिक साधनानेही ती देता येते, मात्र तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती घरी नेऊन घडीत ठेवण्यापूर्वी वाचून पाहावी. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा अशीही तरतूद झाली असून राज्यांनी ती पाच वर्षांच्या मुदतीत अमलात आणावयाची आहे. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, पंचनामा होईपर्यंत उचकटलेल्या कपाटाला गावाने हात न लावणे हेच श्रेयस्कर. दुर्दैवाने पहिला अर्धा तास सारा गाव कपाटच पाहून जातो.

प्रतिकाराची मर्यादा

जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी यांना आणखी एका बाबतीत कायद्याने एकत्र आणले आहे. मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा हक्क बजावताना हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी तो क्षम्य ठरू शकेल, असे जे मोजके प्रसंग कलम ४१ मध्ये सांगितले आहेत, त्यांत हे दोन आहेत. दिवसाची घरफोडी आणि साधी चोरी त्यांत नाहीत, मात्र तेथे मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटण्याजोगी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी. तथापि संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. रात्रीच्या घरफोडीत हा हक्क चोर घरात आहे तोवर टिकतो, जबरी चोरीत भीती टिकेल तोवर. पकडून खांबाला बांधलेल्या माणसावर उचललेला पहिला हात या हक्कात बसत नाही. तो नवा गुन्हा असतो.

आणि संशयित वाटसरू हा तर चोरही नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी ना घर फुटले होते, ना कोणाला लुटले होते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ ने गावातील प्रत्येक रहिवाशावर आणि गावाच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्यांवर, ज्यांत पंचायत सदस्य स्पष्टपणे येतात, काही गोष्टी त्वरित कळविण्याचे कर्तव्य टाकले आहे. गावात वा जवळपास घडलेला अजामीनपात्र गुन्हा, चोरीचा माल घेणारा कुख्यात इसम, ज्याच्याविषयी लुटारू असल्याचा वाजवी संशय आहे असा माणूस, यांची खबर जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला द्यावयाची आहे. येथील 'वाजवी' हा शब्द जात आणि पाल यांवरून ठरत नाही. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही घर फुटले की गावाबाहेरच्या पालांकडे प्रथम बोट जाते, आणि फिर्यादीत 'संशय' म्हणून तीच नावे येतात. ज्याला पाहिले नाही, ज्याच्याकडे माल आढळला नाही, त्याचे नाव लिहून देणाऱ्याने ते कशाच्या आधारे लिहिले, हे सांगण्याची तयारी ठेवली पाहिजे.

खरा आधार बहुधा मालच देतो. चोरीनंतर लवकरच ज्याच्याजवळ माल सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा देता आला नाही, तो एक तर चोर किंवा माल चोरीचा आहे हे जाणून तो घेणारा, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. पण सापडलेला माल फिर्यादीचाच आहे हे ओळखता आले पाहिजे. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, गाव आणि साल कोरून घेण्याची आपली जुनी रीत याच कामी येई. अशा कोरलेल्या अक्षरांनी कित्येक हंडे आपापल्या घरी परत गेले. आता सोनाराची पावती, मोबाइलचा क्रमांक, पंपावरील कारखान्याचा क्रमांक ही त्याच जातीची ओळख आहे. शाळेतील संगणकाचा क्रमांक जडवस्तूंच्या नोंदवहीत लिहिलेला असतोच. ती नोंदवही मात्र संगणकाच्या खोलीतील कपाटात ठेवू नये.